आत्याबाईंचा मुजरा

माझं आणि आत्याबाईंचं पहिलं भांडण खुंटीवरून झालं. मोखाड्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली होती. मधल्या दारापाशी भिंतीत एक सागवानी खुंटी होती, तिच्यावर त्या आपली शाल अडकवायच्या. एका सकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खुंटी वर कुणी नेली?"

मला आधी कळेचना. "कुठली खुंटी?"

"सोंग करू नकोस. माझा हात पोचत नाही. दिवाळीपर्यंत पोचत होता. या घरात नवीन माणूस एकच आलंय."

मी तेव्हाही तोंडाची फटकळच होते. म्हटलं, "आत्याबाई, भिंतीतली खुंटी मी काय दातांनी उपटली? भोवतीचा चुना बघा, टवकासुद्धा उडालेला नाही." त्यांनी चुना बघितला, नखाने खरवडला आणि मला ऐकवलं की असली कामं बेमालूम करणारी माणसं त्यांनी राजवाड्यात पुष्कळ पाहिली आहेत. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलणं बंद. शाल त्या खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या आणि खुंटीकडे असं बघायच्या की जणू तिने फितुरी केलीय.

मी मनात म्हटलं, बाई चक्रम आहे. चक्रम होत्याच, त्यात मी आजही बदल करणार नाही. पण खुंटीच्या बाबतीत त्यांचं निम्मं खरं होतं. खुंटी आणि त्यांच्यातलं अंतर वाढलं होतंच. फक्त खुंटी होती तिथेच होती आणि आत्याबाई खाली येत होत्या.

त्यांचं उभं आयुष्य जव्हारच्या राजवाड्यात, राणीवशाकडे गेलं होतं. लहान वयात नवरा वारला, तेव्हा त्यांना कुणीतरी तिथे कामाला लावलं आणि पुढे त्या नव्या मुलींना रीत शिकवायच्या झाल्या. कसं उभं राहायचं, पावलांचा आवाज न करता कसं यायचं, पाठ न दाखवता मागच्या पावली कसं जायचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुजरा कसा करायचा. संस्थान विलीन झालं, माणसं कमी झाली आणि आत्याबाई एक ट्रंक घेऊन मोखाड्याला भावाच्या घरी आल्या. भाऊ तोवर गेलेला. घरात त्याचा मुलगा होता, कचेरीत कारकून, लग्नाचं वय उलटू लागलेला. तो त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून अख्खं गाव आत्याबाई म्हणायचं.

"विलीन काय, विलीन," त्या म्हणायच्या. "मीठ पाण्यात विलीन होतं. राज्य काय मीठ आहे?"

मोखाड्यात त्यांनी आपलं काम थांबवलं नाही, एवढाच लोकांना त्रास. आठवड्याच्या बाजारात खोडाळ्याचा एखादा शेतकरी मामलेदाराच्या शिपायापुढे लवून रामराम करताना दिसला की या तिथे थांबणार. "कुणाला वाकतोस रे? आणि वाकतोस तर नीट वाक. मान काय खाली घालतोस, चोरी केल्यासारखी." मी पहिल्या दिवशी त्यांना हात जोडून नमस्कार केला, तर म्हणाल्या, "हात देवाला जोडायचे. माणसापुढे वाकायचं असतं." त्यांच्या मते माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलेल, पण पाठ खोटं बोलू शकत नाही. "पाठ बोलते," असं त्या म्हणायच्या आणि कुणाची पाठ काय बोलली ते त्याच्या देखत सांगायच्या. यामुळे आमच्याकडे फारसं कुणी येत नसे.

स्वतः मात्र त्या इथे कुणापुढेही वाकल्या नाहीत. मामलेदाराला एक मान, डॉक्टरला अर्धी. त्यांचा मुजरा फक्त संध्याकाळी, ओट्यावर, दिवेलागणीच्या आधी. मोखाड्याहून जव्हार मावळतीला. त्या डोक्यावर पदर घ्यायच्या, तोंड जव्हारकडे करायच्या आणि पाठ धनुष्यासारखी गोल करत उजवा हात पार जमिनीला न्यायच्या, मग कपाळाला. असं तीनदा. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारी सूर्याला नमस्कार करतेय. कुणी तसं म्हणालं की त्या चिडायच्या. "सूर्य रोज येतो-जातो. त्याला कशाला मुजरा?"

माघातली गोष्ट. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. सोनी म्हणून एक वारली बाई आमच्याकडे पाणी भरायला यायची, ती हंडा उतरवून टेकली होती. आत्याबाईंनी पदर घेतला. पहिला मुजरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

मला वाटलं, खाली काही दिसलं असेल. हात तसाच जमिनीपाशी, पाठ तशीच गोल. मग अगदी बारीक आवाज आला. "पोरी."

त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. नर्स म्हणायच्या, तेही हाक मारल्यासारखं नाही, हुकूम दिल्यासारखं. मी सूप टाकून धावले. चेहरा पांढराफटक, ओठ आत ओढलेले. कुठे पडल्या नव्हत्या, कशावर आपटल्या नव्हत्या. नुसत्या वाकल्या होत्या. सोनी म्हणाली, "बाय, काय तरी मोडला. मी आयकला." आम्ही दोघींनी त्यांना आहेत तशाच, कुशीवर, बाजेवर ठेवलं.

त्र्यंबकमार्गे नाशिकला नेलं, लाकडाच्या लॉरीत गाद्या घालून. त्या प्रवासाची आठवण मला आजही नको वाटते. प्रत्येक खड्ड्याला त्या माझा हात आवळायच्या आणि तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. नाशिकच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने चेपला होता. त्याच्या वरचे दोन आधीच कधीतरी चेपलेले होते, बाईंनी कुणाला सांगितलंही नव्हतं. "हाडं आतून विरळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "वाळवी लागलेल्या वाशासारखी. बाहेरून वासा दिसतो, आत काही नाही." त्या वेळी मला खुंटी आठवली.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी पाठ केलं. पाठीतून पुढे वाकायचं नाही. कंबर पिळायची नाही. हिसका नाही, जड उचलणं नाही, खाली पडलेली वस्तूसुद्धा वाकून घ्यायची नाही. वाकल्या की पुढचा मणका. आणि पडल्या तर खुबा, मग काही खरं नाही. भाचा शेजारी उभा राहून एकेका शब्दाला मान हलवत होता. मग डॉक्टर मला म्हणाले, "पण बाजेवर ठेवलंत तर आहे तेही हाड जाईल. दुखणं ओसरलं की उभं करा. हाडाला भार पाहिजे, पण सरळ. पाठीचे आणि पायांचे स्नायू पाहिजेत. काय करवून घ्यायचं ते बघून ठरवा, तुम्ही रोज समोर असणार." हे ऐकायला भाचा तिथे नव्हता. तो लॉरीवाल्याला थांबवायला बाहेर गेला होता.

त्यामुळे घरी आल्यावर दोन डॉक्टर झाले, एक त्याने ऐकलेला आणि एक मी ऐकलेला. त्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की हलायचं नाही. त्याने बाज आतल्या खोलीत नेली, खिडकी लावली, सोनीला ताकीद दिली की जेवणसुद्धा पडल्यापडल्या भरवायचं. वाईट माणूस नव्हता तो. आई लवकर गेलेली आणि सुट्टीत राजवाड्यातून येणारी आत्या हीच त्याची आई. घाबरला होता. पण घाबरलेल्या माणसाशी भांडणं फार कठीण, कारण त्याला वाटतं आपण प्रेम करतोय आणि समोरचा जीव घ्यायला निघालाय.

बाकीचे उपायही दारात यायला लागले. कुणी रानातला पाला आणला, कुणी रिठ्याएवढ्या गोळ्या. शाळेतले एक मास्तर येऊन म्हणाले, "रोज सूर्यनमस्कार घालू देत, हाडं वज्रासारखी होतील." माणूस प्रामाणिक होता, स्वतः घालायचा, तब्येत खणखणीत. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या हाडांना चालेल. यांनी एक नमस्कार घातला तर दुसरा घालायला त्या उरायच्या नाहीत." ते रागावून गेले. सगळ्यांना व्यायाम म्हणजे एकच वस्तू वाटते, जशी साखर. कुणाला कुठला, हे कुणी विचारत नाही.

दुखणं कमी व्हायला होळी आली. मी दवाखान्यात जायच्या आधी खिडकी उघडायची आणि त्यांना निजल्या निजल्या डोकं आणि खांदे गादीत मागे दाबायला सांगायची. गुडघे उभे, पाठ सरळ. मग बसणं. मग एक दिवस, भाचा कचेरीत गेल्यावर, उभं राहणं. भिंतीला टाचा, बैठक, खांदे आणि जमलं तर डोकं टेकवून.

डोकं टेकेना. मध्ये वीतभर अंतर. त्यांना ते कळलं आणि त्यांचं तोंड लाल झालं. "मला उभं राहायला शिकवतेस? मी माणसांना उभं राहायला शिकवलंय."

मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, "मग मला शिकवा."

बस्स, तिथून गाडी चालू झाली. आत्याबाईंना शिकता यायचं नाही, शिकवता यायचं. खांदे मागे घे. मान लांब कर, हनुवटी कशाला उचलतेस, कोंबडीसारखी? पोट आत. हे सगळं मला सांगायचं तर स्वतः करून दाखवावं लागायचं. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या आणि हळू टेकवायच्या, ते मी मुद्दाम धप्पकन करायची. "आवाज," त्या ओरडायच्या आणि आवाज न करता दहादा करून दाखवायच्या. स्टुलावरून हात न टेकता उठणं, बसणं. बसताना अंग टाकायचं नाही, पायांनी धरून सावकाश खाली यायचं. नागलीची भाकरी त्यांना चालायची नाही, ते कामकऱ्यांचं खाणं म्हणायच्या. हाडांसाठी हवी म्हटल्यावर त्या ती माझ्या ताटात वाढायच्या आणि "अशी खायची" म्हणून माझ्याच ताटातली खायच्या. सोनी दारात उभी राहून हसायची. "दोन पाली भितीला," म्हणायची.

भाच्याला हे कळलं. संध्याकाळी त्याने स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातलं स्टूल आणलं. तेव्हा तो म्हणाला, "नर्सबाई, उद्या ती पडली तर मी वर लिहीन. तुमची नोकरी राहायची नाही." मी म्हटलं, "भाऊ, ती पडून राहिली तर तुम्ही कुणाला लिहिणार?" आत्याबाई मधल्या दारात सरळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बाळ्या, स्टूल काढ खाली. मी तुला चालून दाखवते." ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या चालल्या आणि आल्या. तो बघत राहिला. स्टूल काढलं नाही, पण माझं परत न्यायलाही सांगितलं नाही.

दिवसभर सगळं ठीक असायचं. कठीण होती ती संध्याकाळ. दिवेलागणीच्या आधी त्या ओट्यावर यायच्या, पदर घ्यायच्या, तोंड जव्हारकडे. मी हातातलं काम टाकून शेजारी जाऊन उभी. त्यांचा उजवा हात आपोआप खाली जायला लागायचा, पाठ गोल व्हायला लागायची आणि मग अर्ध्यात थांबायची. तिथे त्या थांबल्या की माझा श्वास सुटायचा. इतक्या वर्षांची सवय, ती अंगातून कशी जाणार? चहा पिताना मी बोलत राहायची, आणि मनात हिशोब एकच, आज संध्याकाळी थांबतील ना.

"नुसती उभी राहून बघते," त्या एकदा म्हणाल्या. "हा काय मुजरा? येणारा-जाणाराही बघतो." आणि रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मला जव्हारच्या त्या राजगादीचा फार राग आला त्या दिवशी, ज्या गादीला यांची पाठ माहीतही नव्हती.

श्रावणात जव्हारहून निरोप आला. दसऱ्याला जुन्या बायकांनी मुजऱ्याला यावं. दरबार पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण दसऱ्याला गादी मांडायचे आणि जुनी माणसं हौसेने जमायची. निरोप घेऊन आलेल्या माणसाला आत्याबाईंनी गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "येते म्हणावं."

तो गेल्यावर भाचा म्हणाला, "तू जाणार नाहीस."

"जाणार."

"जाऊन काय करणार? तुला वाकता येत नाही."

"येतं," त्या म्हणाल्या. "वाकता येतं. परत उठता येत नाही, एवढंच. गादीपुढे मोडले तर मोडले."

हे त्या शांतपणे म्हणाल्या आणि मला कळलं की ही बाई खरंच वाकणार आहे. एवढे महिने आम्ही टाचा उचलल्या, स्टुलावर उठलो-बसलो, ते सगळं त्या एका मुजऱ्यात जाणार. मी चिडले. म्हटलं, "मग माझा वेळ कशाला घालवलात? त्याच दिवशी मोडायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर एक मुजरा केला. पाठ भिंतीला असते तशी सरळ ठेवली, एक पाय जरा मागे, गुडघे वाकवून खाली गेले, हात जमिनीपाशी नेला आणि पायांच्या जोरावर वर आले. म्हटलं, "हा चालेल? यात मणक्याला धक्का नाही."

त्यांनी माझ्याकडे किळस आल्यासारखं बघितलं. "गोवऱ्या थापायला बसतात तसं बसलीस. हा मुजरा? यात पाठ काय बोलली?"

"काही नाही बोलली. गप्प बसली. कधीकधी गप्प बसावं पाठीने."

"मी जन्मभर पोरींना सांगितलं, वाकायचं ते पाठीतून. त्या पोरी तिथे असतील. त्यांच्यासमोर मी हे करू?"

त्यांनी ते एकदाही करून पाहिलं नाही. मी पुन्हा विषय काढला नाही. फक्त काही दिवसांनी उंच स्टुलाच्या जागी एक बुटका मोडा, वेताचं ठेंगणं आसन, आणून ठेवला. त्यावरून हात न टेकता उठणं म्हणजे पायांची परीक्षा. त्यांनी मोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "बस. आवाज न करता." मग स्वतः करून दाखवलं. पितृपंधरवड्यात त्यांना तो मोडा जमायला लागला. कशासाठी जमवतोय, याबद्दल दोघीही मूग गिळून होतो.

दसऱ्याला सकाळी आम्ही एसटीने निघालो. भाचा येणार नव्हता, पण गाडी सुटताना चढला आणि आमच्या मागे बसला, तोंड खिडकीकडे करून. मी ड्रायव्हरला सांगून पुढची जागा धरली होती, मागच्या बाकावर धक्के फार. खाली उशी घातली. पावसाळ्याने रस्ता धुऊन नेला होता. एका मोडक्या मोरीपाशी ड्रायव्हर म्हणाला, आजीबाईंना उतरवा, इथे गाडी आपटणार. आत्याबाई उतरल्या आणि चालायला लागल्या. जव्हारला निघालेले वारल्यांचे जथे बाजूने जात होते, कुणाच्या हातात फुंकून वाजवायचा तारपा, बायकांच्या डोक्यात फुलं. त्यांच्यामधून या चालल्या, कुणाचा हात न धरता, मान लांब करून. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि तितकीच भीती. चांगली चालणारी बाई घेऊन चालले होते मोडायला.

राजवाड्याच्या दिवाणखान्यात पांढरी चादर अंथरली होती आणि समोर गादी मांडली होती, झेंडूच्या माळा घातलेली, मोकळी. एका बाजूला बायकांची रांग. आत्याबाई सगळ्यांत जुन्या, म्हणून पुढे. त्यांच्यामागे त्यांनी शिकवलेल्या सगळ्याजणी, काही आता चाळिशीच्या, काही पन्नाशीच्या, लेकरं-नातवंडं झालेल्या, पण आत्याबाई समोर आल्यावर सगळ्यांनी पोटं आत घेतली. मी खांबाशी उभी राहिले. भाचा दाराबाहेर होता. मी आत येण्याआधी तो मला म्हणाला होता, "धरून ठेवा तिला." मी कशी धरणार होते?

आत्याबाई पुढे गेल्या. गादीपासून ठरलेल्या अंतरावर थांबल्या. पदर नीट केला. कुणाच्या तरी बांगड्यांचा आवाज झाला.

उजवा हात निघाला. मान थोडी पुढे गेली. खांदे गोल व्हायला लागले. ती पाठ मला माझ्या हाताच्या रेषांसारखी माहीत होती, कुठला मणका गेलाय आणि कुठला जायच्या बेतात आहे. मी मनात म्हणत होते, थांबा, आत्याबाई, ओट्यावर थांबता तशा थांबा.

त्या थांबल्या. खांदे परत मागे गेले. एक पाऊल जरा मागे सरकलं, लुगड्याच्या आत गुडघे वाकले आणि त्या खाली गेल्या. पाठ भिंतीसारखी. हात जमिनीपाशी गेला, कपाळाला आला आणि त्या वर आल्या, आवाज न करता. दुसराही तसाच. तिसऱ्याला खाली गेल्या आणि वर येईनात.

लुगडं थरथरताना मला दिसत होतं. पाय संपले होते. मी एक पाऊल टाकलं. मागे वळून न बघता त्यांनी डाव्या हाताची बोटं नुसती हलवली, राजवाड्यात पोरींना थांबवायच्या तशी. मी थांबले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्या उठल्या. सावकाश, अंग न टाकता, मोड्यावरून उठतात तशा.

कुणी एक म्हातारे गृहस्थ घसा खाकरले, आता काहीतरी म्हणणार अशा बेताने. पण त्यांना म्हणायला वेळच मिळाला नाही, कारण रांगेतली पुढची बाई गादीसमोर आली होती. तिने एक पाय मागे घेतला, पाठ ताठ ठेवली, गुडघ्यांत वाकली आणि मुजरा केला. तिच्यानंतरची तशीच. आत्याबाईंनी केला म्हणजे तोच खरा, एवढं त्यांना माहीत होतं. विचारायची सवय आत्याबाईंनीच मोडून काढली होती. एक जाडगेलीशी बाई तिसऱ्या मुजऱ्याला चक्क चादरीवर बसली, तिला दोघींनी उठवलं. सगळी रांग सरळ पाठीने वाकून गेली आणि म्हातारे गृहस्थ मिशांवरून हात फिरवत राहिले.

आत्याबाई मागच्या पावली येत होत्या. गादीला पाठ दाखवायची नाही ही रीत त्यांनी सोडली नव्हती आणि मागे न बघता चालणं म्हणजे पडायचा धोका, तो वेगळाच. मी खांबापाशी हलले नाही. त्यांची टाच माझ्या पावलाला लागली. मागे न बघताच त्या म्हणाल्या, "धर." मी धरलं. अंग तापलं होतं आणि थरथरत होतं.

बाहेर भाचा डोळे पुसत उभा होता. दाराच्या फटीतून सगळं बघितलं असावं. तो एकदम पुढे येऊन त्यांच्या पाया पडायला वाकला. आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाठीतून वाकू नकोस, बाळ्या. गुडघ्यांतून."

परतताना एसटीत मी विचारलं, "आत्याबाई, आज पाठ काय बोलली?"

"पाठ गप्प होती," त्या म्हणाल्या. "पाय बोलले." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या, मान मात्र लांब करून.

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या. माझी बदली झाली तेव्हाही संध्याकाळी ओट्यावर जव्हारकडे तोंड करून गुडघ्यांतून मुजरा करत होत्या आणि गावातल्या पोरींना तोच शिकवत होत्या. मूळचाच तो तसा आहे, म्हणायच्या. मी हसले की माझ्याकडे रोखून बघायच्या.

पण मला आठवते ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही जव्हारहून आलो त्या संध्याकाळीच भाच्याने छिन्नी आणली होती. आत्याबाई दमून झोपल्यावर त्याने मधल्या दारापाशी ती खुंटी उपटली, हातभर खाली नवं भोक पाडलं, खुंटी ठोकली आणि दोन्हीकडे चुना लावला. मी दिवा धरला होता. आम्ही दोघं पहिल्यांदाच काहीतरी एकत्र करत होतो.

सकाळी आत्याबाई शाल घेऊन आल्या. हात वर केला, तर खुंटी छातीशी. त्यांनी शाल अडकवली. वरच्या ओल्या चुन्याकडे बघितलं, खालच्या ओल्या चुन्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणत होते मी?" त्या म्हणाल्या. "ही खुंटी हलते."